‘फिटिंग फ्री’चं बेसिन

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे साडेचार वाजता आमच्या डोंबिवलीच्या घरात बेसिन फुटलं. नुसता तडा गेला असं नाही, नळापासून पुढच्या काठापर्यंत सरळ दोन तुकडे झाले आणि मोठा तुकडा फरशीवर आला. सासूबाई समोरच उभ्या होत्या. वय ८४. कवळी धुवायला उठल्या होत्या, आणि उभं राहताना रोजच्यासारखा बेसिनच्या काठावर हात टेकला होता. घोट्याला पाच टाके पडले. फुटलेल्या चिनी मातीला काचेसारखी धार असते हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं लोणच्याच्या बरण्या हाताळल्या, पण त्यातली एकही कधी फुटली नव्हती.

बेसिन होतं जेमतेम अडीच महिन्यांचं. ३,२०० रुपयांना घेतलं होतं, दुकानात वर पाटी होती ‘फिटिंग फ्री’. दुसऱ्या दिवशी बाईकवरून एक मुलगा आला. पस्तीस मिनिटांत काम उरकलं, त्यातही चार वेळा त्याचा फोन वाजला. जाताना मीच विचारलं, “घट्ट बसलंय ना रे?” माझ्या समाधानासाठी त्याने पाना पुन्हा काढला आणि नट आणखी अर्धा आटा आवळला. मला बरं वाटलं. दोनेक आठवड्यांनी नळाच्या भोकाजवळ केस चिकटल्यासारखी बारीक रेघ दिसायला लागली. मी ती दोनदा ब्रशने घासलीसुद्धा.

दुकानात भांडायला गेले. मालक शांतपणे म्हणाला, “बेसिनची गॅरंटी आहे मॅडम, फोडल्याची नाही.” आणि त्या मुलाचं विचाराल, तर चार महिन्यांपूर्वी तो कुरिअर वाटत होता. एका बेसिनमागे दीडशे रुपये, दिवसाला सात-आठ पत्ते. हे त्यानेच मला जिन्यात सांगितलं, मान खाली घालून. त्याच्यावर चिडायला गेले होते, चिडता आलं नाही.

नवीन बेसिन घ्यायचं तेव्हा मी आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्या प्लंबरदादांना आधी गाठलं. ते ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले. पट्टामुंडाई, औल या त्यांच्या भागातले इतके लोक देशभरातल्या शहरांत हेच काम करतात की पट्टामुंडाईला सरकारने प्लंबिंग शिकवणारी संस्थाच काढली आहे. दादा मात्र तिथे शिकलेले नाहीत, मामाच्या हाताखाली कोलकात्यात शिकले. पंचवीस वर्षं डोंबिवलीत आहेत, मराठी माझ्या नातवापेक्षा बरी बोलतात.

ते म्हणाले, “ताई, मी येतो दुकानात.” आले, आणि आपण कुंभाराकडे माठ वाजवून घेतो तसं एकेक बेसिन बोटाच्या पेराने वाजवत निघाले. नीट भाजलेली, अखंड वस्तू खणखणते; आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. एक बाजूला काढलं. दुसरं सपाट फरशीवर पालथं घालून बघितलं, तर एक कोपरा डुगडुगत होता. तेही नको. पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांचा हा लगदा वाळताना आणि मग बाराशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजताना दहा-बारा टक्के आकसतो. आकसताना थोडा वाकडाही होतो. म्हणून खोक्यावर छापलेली मापं आणि आतल्या बेसिनची मापं तंतोतंत जुळतीलच असं नाही. दादांनी घरी येऊन बेसिन वर्तमानपत्रावर ठेवलं, मागच्या भोकांच्या खुणा पेन्सिलीने कागदावर उतरवल्या आणि तो कागद भिंतीला लावला. आधीच्या मुलाने खोक्यावरचे आकडे वाचून ड्रिल मारलं होतं. भोकं जुळली नाहीत, तेव्हा बेसिन ओढून-ताणून बसवलं. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून ताणात होतं. वर माझा अर्धा आटा.

चिनी मातीवर सरळ दाब कितीही द्या, ती सोसते. ताण आणि पिळा मात्र सोसत नाही. लोखंड वाकून दाखवतं, लाकूड करकरतं. ही बाई गप्प राहते आणि एके पहाटे जाते. म्हणून नट आणि चिनी माती यांच्यामध्ये रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वॉशर लागतो आणि आवळायचं ते हाताने, शेवटी पान्याने जरासं. दादा तो शेवटचा पाव आटा देताना पान्याकडे बघतच नव्हते, डोळे मिटून होते. मी बँकेत एकतीस वर्षं कॅशला होते. नोटांची गड्डी बोटांखालून जाताना एक जाड नोट लागली की बोट आपोआप थांबतं, ते कसं हे मला कधी कोणाला सांगता आलं नाही. तसंच काहीतरी असावं.

भिंतीचं प्रकरण तर आणखी वाईट निघालं. आमची बिल्डिंग १९८६ची, पॅसेजमधली भिंत साडेचार इंची, विटांची, वर जाड प्लास्टर. दादांनी हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर प्लास्टर पोकळ वाजलं. जुन्या स्क्रूंच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या त्या प्लास्टरमध्येच अडकवलेल्या होत्या, विटेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. बेसिन स्वतः बारा-चौदा किलोचं, त्यात पाणी, त्यावर टेकणारं माणूस. दादांनी भिंत खोदून लोखंडी ब्रॅकेट सिमेंट-खडीत गाडले, पाणसळ लावून बघितलं आणि हात धुऊन निघाले. “उद्या?” मी विचारलं. “नाही ताई. तीन दिवस हात नाही लावायचा.” तीन दिवस आम्ही सगळ्यांनी मोरीत दात घासले. माझा मुलगा ठाण्याला टॉवरमध्ये राहतो, तो फोनवर हसला. त्याला दादांनी निरोप दिला की तुझ्या भिंती सिपोरेक्सच्या आहेत, हलक्या आणि सच्छिद्र, साधा फास्टनर त्यात पकड धरत नाही; तुझं बेसिन कशावर लटकलंय ते बघून घे. हसणं थांबलं.

आता माझं म्हणणं. ‘फिटिंग फ्री’ ही पाटी दुकानांतून गेली पाहिजे. फ्री काही नसतं, ते ३,२००च्या पोटातच असतं. फक्त त्यातले दीडशेच कारागिराच्या हातात पडतात आणि बाकीचं काम घाईत पुरवून घ्यावं लागतं. बिलावर बेसिनची किंमत वेगळी आणि बसवणावळ वेगळी छापा. म्हणजे गिऱ्हाईक निदान विचारेल की एवढे पैसे कशाचे, आणि दुकानदाराला सांगावं लागेल. पालिकेची नळजोडणी घ्यायची तर परवानाधारक प्लंबर लागतो. घराच्या आत मात्र कोणीही पाना घेऊन यावं. आयटीआयमध्ये प्लंबरचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, पण त्या कुरिअरवाल्या मुलाला तिथे पाठवावं असं त्याच्या मालकाला कशाला वाटेल? पान्याइतकीच बाईकही पुरते.

बँकेत साध्या पन्नास रुपयांच्या व्हाउचरवरही सही असायची. कोणी दिलं, कोणी तपासलं, वीस वर्षांनीही सापडायचं. बेसिनखाली वाकून बघा, कोणाची सही आहे? मी दादांना मार्करने नाव, तारीख आणि ‘वीट, साडेचार इंच’ असं बेसिनच्या खालच्या बाजूला लिहायला लावलं. ते लाजले. मग ओडियात लिहिलं, आणि माझ्यासाठी खाली मराठीत.

दुसरं म्हणणं आपल्याबद्दल आहे, आणि त्यात मी आलेच. शोरूममधल्या स्टिकरपुढे आपण मान डोलावतो. काउंटरवर सूपाच्या वाडग्यासारखी मांडलेली, नावालाच बेसिन असलेली ती महागडी भांडी निमूट घेतो. आणि घामाघूम होऊन मोरीत पाय धुणाऱ्या माणसाला म्हणतो, जरा कमी करा की. दादांनी दोन दिवसांच्या कामाचे २,००० सांगितले, तेव्हा माझ्या तोंडात ‘पंधराशे’ आलंच होतं. सासूबाई खुर्चीवरून पाय वर घेऊन बसल्या होत्या, बँडेजसकट. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

चौथ्या दिवशी काम संपलं. दादांनी बेसिन ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरलं, एकदम सोडलं, पुन्हा भरलं. वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, अँगल कॉक, प्रत्येक सांध्यावरून कोरडं बोट फिरवलं. बॉटल ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी अडून राहतं, त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही; वाकड्या नळीत पाणी अडवण्याची ही युक्ती १७७५ साली लंडनच्या एका घड्याळजीने पेटंट करून घेतली होती. दादांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, “घड्याळवाला होता, म्हणूनच घाई नसणार.” मग कालचा पेपर मागून घेतला आणि ट्रॅपखाली पसरून ठेवला. रात्रीतून एक थेंब जरी पडला तरी कागद फुगतो.

सकाळी मी उठेपर्यंत सासूबाई आधीच बेसिनपाशी होत्या. एक हात काठावर टेकलेला, दुसऱ्या हातात खालून काढलेला तो पेपर. कोरडा ठणठणीत. त्यातलं शब्दकोडं अर्धंच सुटलेलं होतं आणि त्यांना पेन्सिल हवी होती.