कोयनेचा हादरा आणि त्सुनामीचा इशारा
#धागा #इतिहास

1/ कोयनानगर सह्याद्रीच्या कुशीत, समुद्रापासून दूर. तरीही भारताच्या त्सुनामी इशारा यंत्रणेशी या गावाचे नाते आहे. इशारा म्हणजे नेमके काय, हेही त्या नात्यातून उमगते.

2/ 1962 मध्ये कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचा कातळ अढळ, असा तेव्हाचा समज. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली.

3/ जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळते, याचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण म्हणजे कोयना. या अभ्यासात हयात वेचणारे शास्त्रज्ञ हर्ष गुप्ता. 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला, तेव्हा केंद्राच्या महासागर विकास विभागाचे सचिव तेच होते.

4/ ती लाट तमिळनाडूला पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तरीही भारतात दहा हजारांहून अधिक बळी गेले. अवधी होता, इशारा नव्हता. 2007 मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये इशारा केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत गुप्तांचा वाटा मोठा.

5/ तिथली रचना अशी: भूकंपमापकांवरून काही मिनिटांत भूकंपाचे स्थान, खोली व तीव्रता ठरते. आधीच गणित मांडून ठेवलेल्या शक्यतांतून जुळणारी निवडतात. लाट खरोखर निघाली का, हे समुद्रतळावरील दाबमापके आणि किनाऱ्यावरील भरतीमापके सांगतात. खोटा इशारा टळतो तो इथे.

6/ म्हणजे ही यंत्रणा भूकंपाचे भाकीत करत नाही; भूकंप आणि लाट यांच्यामधला वेळ वापरते. 1945 मध्ये मकरान किनाऱ्यावरील भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. तशी लाट पुन्हा उठली, तर कोकणाला तयारीपुरता वेळ मिळेल.

7/ कोयनेला तो मिळणार नाही. इथे भूकंपाचे केंद्र पायाखाली, जेमतेम काही किलोमीटर खोल. सर्वांत वेगवान संदेशही हादऱ्याच्या मागेच राहील. गोठणे येथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेऊन भूगर्भ तपासला गेला. ते संशोधन मोलाचे. पण भाकीत अजून कुणाच्या हाती नाही.

8/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावर इशारा भोंग्यातून यावा. कोयना खोऱ्यात तो भिंतीतच बांधलेला असावा. जोत्याला, दारांवर आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे, आणि हे आधी शाळांत व दवाखान्यांत.

9/ खोऱ्यात आजही धक्का बसला की लोक म्हणतात, “नेहमीचेच.” 1967 पूर्वीचे धक्केही नेहमीचेच झाले होते.