खातेदार, गिऱ्हाईक आणि चेहरा

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करून घेण्यापूर्वी सरकारी ओळखपत्राने स्वतःची ओळख पटवावी, ही अट आता छायाचित्रण आणि छपाईच्या धंद्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. ओपनएआय कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये आपले चित्रनिर्मितीचे तंत्र ‘एपीआय’मार्फत, म्हणजे दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला थेट जोडता येईल अशा स्वरूपात, खुले केले, तेव्हापासून त्यासाठी संस्थेची पडताळणी मागितली जाऊ लागली; एका ओळखपत्रावर ९० दिवसांत एकाच संस्थेची पडताळणी होते. वडोदऱ्याच्या जुन्या कोटाचा पूर्व दरवाजा असलेल्या पाणीगेटसारख्या भागात, जेथे लहान दुकानातली मालक, डिझायनर आणि मशीनवाला ही तीन कामे अनेकदा दोघांतच वाटलेली असतात, तेथे ओळखपत्र म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स कोणाचे लावायचे हा प्रश्न किरकोळ नाही. मालकाचे जुने लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरले की ट्यूबलाइटची चमक नेमकी नावावर येते, आणि दोन-तीन प्रयत्न फसले की पगारी मुलाचे कार्ड पुढे केले जाते. तो मुलगा दिवाळीनंतर दुसरीकडे कामाला लागला, तरी दुकानातून निघणारे प्रत्येक चित्र त्याच्याच नावावर निघत राहते. ही सोय नव्हे, सरळ अन्याय आहे.

मुळात अशा पडताळणीने खातेदार कळतो, काम सांगणारा कळत नाही. छपाईवाल्यांना हा भेद नवा नसावा. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण कागदावर छापणे बंधनकारक केले, ते मुद्रक-प्रकाशकांपुरतेच राहिले; लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२७-क मात्र निवडणुकीच्या पत्रकांबाबत पुढे जाते. पत्रक छापून घेणाऱ्याने स्वतः सही केलेले, आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत दिल्याशिवाय मुद्रकाने छपाईला हात लावायचा नाही, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओळख पटवण्यासाठी मोबाइलसमोर डावीकडे-उजवीकडे मान वळवण्याच्या काळात दोन साक्षीदारांचा हा उपाय जुनाट वाटेल, पण तो नेमक्या माणसाला गाठतो.

चित्रात दिसणारा तिसरा माणूस तर कोणत्याच पडताळणीत येत नाही. वर्षश्राद्धासाठी आजोबांचा पगडीतला फाटका फोटो उजळून देणे आणि शेजारच्या मुलीचा फोटो आणून तिला ‘वेगळ्या कपड्यांत’ दाखवायला सांगणे, ही दोन्ही कामे एकाच खात्यातून येऊ शकतात. माहिती तंत्रज्ञान नियमांत फेब्रुवारी २०२६ मध्ये झालेली दुरुस्ती अशा कृत्रिम चित्रांवर खूण मागते, परंतु त्या खुणेवरून चित्र यंत्राने केले एवढेच समजते. ते कोणाच्या सांगण्यावरून झाले आणि ज्याचा चेहरा वापरला त्याला विचारले होते काय, हे समजत नाही.

ते समजण्याची जागा ऑर्डरबुक हीच आहे. पडताळणी मालकाच्याच ओळखपत्रावर करावी आणि प्रत्येक कामापुढे सांगणाऱ्याचे नाव, फोटोतील व्यक्तीशी त्याचे नाते आणि त्याची सही घ्यावी. आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून साठवू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा पूर्ण अमलात आला की त्या साठ्याची जबाबदारी दुकानदारावरच येईल. ओळखपत्र पाहणे अपरिहार्यच असेल, तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसणारे, बाकीचे झाकलेले ‘मास्क्ड’ आधार पाहावे आणि तेथल्या तेथे परत करावे.