ताणाच्या पेशींचें ठिकाण

'ताण' हा शब्द पूर्वीं दोरीला किंवा वीणेच्या तारेला लावीत. आतां तो शाळकरी मुलापासून निवृत्त आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या तोंडीं बसला आहे. त्याच्या पाठोपाठ 'ताणाचें हार्मोन' हाही शब्दप्रयोग घरांत शिरला असून, तें हार्मोन उतरवून देणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती वाचकांच्या नजरेस पडल्या असतीलच. परंतु ताणाचा हुकूम मुळांत मेंदूच्या कोणत्या भागांतून सुटतो, आणि तेथील द्रव्य सर्वत्र एकच काम करतें काय, हें त्या जाहिरातींत कोणी सांगत नाहीं. त्याचा शोध मुख्यतः उंदराच्या मेंदूंत लागला.

१९३६ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें हान्स सेल्ये यांस असें आढळून आलें कीं, उंदरांस थंडींत ठेवा, अतिश्रम करावयास लावा किंवा विषारी द्रव्य टोंचा, परिणाम तोच. मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथि फुगतात, छातींतील थायमस ग्रंथि आकसते आणि जठरांत व्रण पडतात. ॲड्रिनलला हुकूम पिट्युटरी ग्रंथि देते. मग पिट्युटरीला कोण देतें? १९५५ सालीं असें दिसून आलें कीं तो हुकूम हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळच्या भागांतून येतो. तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं लागावयास मात्र १९८१ साल उजाडलें. कॅलिफोर्नियांतील साल्क संस्थेंत वायली व्हेल व त्यांचे सहकारी यांनीं मेंढ्यांच्या असंख्य मेंदूंचे तुकडे जमवून ४१ अमायनो आम्लांची एक साखळी वेगळी केली. तिलाच आज सी. आर. एच. म्हणतात.

द्रव्य सांपडलें, आतां तें करणाऱ्या पेशी हुडकावयाच्या होत्या. १९८३ सालीं लॅरी स्वान्सन प्रभृतींनीं उंदराच्या जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या मेंदूचे पातळ काप घेऊन, केवळ याच द्रव्यास चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनीं ते रंगविले. येथें एक अडचण होती. पेशी माल तयार होतांच तो आपल्या लांब तंतूंतून पुढें धाडते, त्यामुळें तिचें कोठार जवळजवळ रिकामेंच दिसतें. म्हणून उंदरांस आधीं कोल्चिसिन टोंचलें. वातरक्तावर देतात तेंच हें औषध. तें पेशींतील वाहतूक रोखतें. नाक्यावर गाड्या अडविल्या म्हणजे गांवांतील कोठारें भरतात, तशा या पेशी भरल्या आणि दिसूं लागल्या.

अपेक्षेप्रमाणें मोठा समूह हायपोथॅलॅमसमध्यें, मेंदूंतील तिसऱ्या पोकळीच्या दोन्ही बाजूंस निघाला. येथील तंतु खालीं उतरून सूक्ष्म रक्तवाहिन्यांपाशीं संपतात, आणि तेथून द्रव्य पिट्युटरीस पोंचतें. पण रंग एवढ्यावर थांबला नाहीं! भयाशीं निगडित अशा अमिग्डलाच्या मध्यवर्ती भागांत, मेंदूच्या बाह्य पटलांत विखुरलेल्या लहान पेशींत, एवढेंच नव्हे तर मस्तिष्कस्तंभांतील बॅरिंग्टनच्या केंद्रांतही त्याच द्रव्याच्या पेशी आढळल्या. हें केंद्र बॅरिंग्टन यांनीं १९२५ सालीं मांजरांत दाखविलें होतें. तें मूत्राशय रिकामा करण्याचें नियमन करतें. तेथें 'ताणाचें हार्मोन' काय करीत असेल? परीक्षेच्या दिवशीं पुनःपुन्हां मोरीकडे धांवणाऱ्या मुलास हें केंद्र कदाचित् आपलेंसें वाटेल. मात्र लघवी हें नित्यकर्म आहे, तेव्हां या द्रव्यास केवळ संकटाचा दूत म्हणणें मला तरी पटत नाहीं.

याहून विलक्षण गोष्ट १९९४ च्या सुमारास दिसली. ॲड्रिनलचा स्राव रक्तांत वाढला कीं हायपोथॅलॅमसच्या पेशी आपलें उत्पादन कमी करतात. हा नेहमींचा लगाम. परंतु त्याच स्रावानें अमिग्डलांतील पेशींचें उत्पादन उलट वाढतें. वडीलधाऱ्यांनीं "पुरे" म्हणतांच एक मूल गप्प बसावें आणि दुसऱ्यानें भोंकाड पसरावें, तसा हा प्रकार. 'हार्मोन उतरवा' असें सरसकट सांगणाऱ्यांनीं कोणत्या मुलाविषयीं बोलतां, हें आधीं सांगावें.

उंदरावरून माणसाचें अनुमान काढतांनाही जपावें लागतें. माणसांत गर्भारपणीं वारही हें द्रव्य मोठ्या प्रमाणांत निर्माण करते. उंदरांत ती करीत नाहीं.

ठिकाणाचा हा प्रश्न औषधांच्या बाबतींत फार महागांत पडला. सी. आर. एच. चा निरोप अडविणारीं औषधें मानसिक खिन्नतेवर उपयोगीं पडतील अशी मोठी आशा होती. रुग्णांवरील चांचण्यांत ती बहुतेक फोल ठरली. त्याच जातीचें क्रिनेसरफाँट हें औषध मात्र अमेरिकेंत डिसेंबर २०२४ मध्यें एका निराळ्याच विकारासाठीं मान्य झालें. या जन्मजात विकारांत ॲड्रिनल ग्रंथीस कॉर्टिसोल पुरेसें करतां येत नाहीं, म्हणून लगाम सुटतो, हायपोथॅलॅमसचा हुकूम चालूच राहतो आणि ग्रंथि भलतींच पुरुषी हार्मोनें ओतीत राहते. हें औषध तो हुकूम पिट्युटरीच्या दारांतच अडवितें. त्यामुळें मुलांस द्यावी लागणारी स्टेरॉइडची मोठी मात्रा उतरवितां येते.