मैदानावरचे दिवे अर्धा तास बंद ठेवावेत

नकाशावाचनाच्या तासाला आम्हाला रात्री दिशा कशी शोधायची ते शिकवतात. सप्तर्षी, शर्मिष्ठा, ध्रुव, मृग. फळ्यावर सगळे तारे पांढऱ्या खडूचे असतात. माझे म्हणणे असे, की ताऱ्यांचे रंगही कॅडेटला ओळखता यायला हवेत, आणि त्यासाठी महिन्यातून एका रात्री आपल्या मैदानावरचे मोठे दिवे बंद ठेवावेत.

मला हे रंग वाराणसीत नीट दिसले. माझी मावशी तिथे दूधविनायक मोहल्ल्यात राहते. गल्ल्या इतक्या अरुंद, की आकाशाची नुसती पट्टी दिसते. पण काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत आणि समोरच्या तीरावर वाळूच वाळू. त्यामुळे शहर उजळलेले असले तरी नदीपलीकडचे आकाश बरेच काळे राहते. दिवाळीच्या सुट्टीत रात्री अकराच्या सुमारास पंचगंगा घाटावरून पाहिले: रोहिणी नारिंगी, मृगातला काक्षी तांबूस, त्याच मृगातला राजन्य निळसर पांढरा. (रोहिणी शब्दाचा अर्थच तांबडी!) व्याध नुकताच वर आला होता आणि लाल-हिरवा चमकत होता. तो त्याचा रंग नव्हे, क्षितिजाजवळच्या जाड हवेचा खेळ. तारा वर चढेपर्यंत थांबावे लागते.

न्हाणीघरात लाल खुणेचा नळ गरम पाण्याचा, निळा गार पाण्याचा. ताऱ्यांचे उलटे. तांबूस काक्षीचा पृष्ठभाग सुमारे 3,500 केल्विन, पिवळसर सूर्याचा 5,800, तर निळसर राजन्याचा सुमारे 12,000.

काशीतच मानमंदिर घाटावर सवाई जयसिंगाची अठराव्या शतकातली वेधशाळा आहे. मूळ नगर जिल्ह्यातल्या टोक्याचे बापूदेव शास्त्री यांनी तिच्यावर लिहिले आहे. तिथली दगडी यंत्रे आकाशातल्या ज्योतींची जागा मोजतात. रंगाला यंत्र लागत नाही, डोळा आणि अंधार पुरतो. आपल्याकडे डोळे पाचशे आहेत, अंधार नाही.

ढगाळ रात्री अख्खे नक्षत्र दिसेलच असे नाही. फटीतून एकच ठळक तारा दिसला, तर तो राजन्य की काक्षी, याचा अंदाज रंगावरून बांधता येतो. फळ्यावरच्या खडूने तो येत नाही.

सुरक्षेचे काय, असे कोणी विचारेल. फाटकावरचे आणि कुंपणावरचे दिवे चालूच राहू देत. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तो सराव तर रात्रीच्या गस्तीलाही हवाच. गस्तीत अंधुक वस्तूकडे किंचित बाजूने पाहायला शिकवतात, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नजरेच्या मध्यभागी नसतात. रंग टिपणाऱ्या पेशी मात्र तिथेच दाटीने असतात, म्हणून ताऱ्याचा रंग पाहायचा तर सरळ पाहावे. त्या पेशींना उजेड जास्त लागतो, म्हणून फक्त ठळक ताऱ्यांचेच रंग दिसतात. मंद तारे सगळे पांढरेच.

सुरुवात डिसेंबरच्या अमावास्येला करता येईल. रात्री नऊपर्यंत मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो, आणि मेसचे जेवण तोवर आटोपलेले असते.