आधी वाणसामानाची यादी बघा

माझी लेक सोळा वर्षांची. लग्नकार्यात प्रत्येक मावशी-काकू तिला म्हणणार, "अगं, जरा कमी कर!" आणि त्याच हाताने जिलबी वाढणार. टोमणे मीही मारले. परिणाम एवढाच, की ती चोरून वेफर्स खायला लागली.

मग एकदा फ्रीजमधल्या कोल्ड्रिंकचं लेबल वाचलं. १०० मिलीत साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे ६०० मिलीच्या बाटलीत पंधराएक चमचे! ती बाटली आणली कुणी? मीच, महिन्याच्या सामानात. मुलीला बोलण्याआधी आपण आपली यादी तपासायला नको का?

आता कोल्ड्रिंक, फरसाण बंद, सगळ्यांनाच. ह्यांची कुरकुर चालू आहे. वजनाचा विषय मी काढत नाही. परवा तीच म्हणाली, "आई, चालायला येतेस?" गुडघे दुखत होते, तरी चपला घातल्या.