कुंपणाची कात्री आणि चातुर्मास



आमच्या सांगलीच्या घराला आडुळशाचं कुंपण आहे. साताऱ्याला माहेरी गेले होते तेव्हा फांद्या आणल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर दीड-दीड फुटावर खोचल्या. आडुळसा बारा महिने हिरवा, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि खोकल्याला पानंही दारातच. मध आपल्याला चालत नाही, म्हणून मी काढ्यात गूळ घालते. (गरोदर लेकी-सुनांना मात्र तो काढा देऊ नका.)

दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाला पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी माळ्याकडून कुंपण छाटून घेतलं. संध्याकाळी केर भरताना कडा शिवलेलं एक पान हाताला लागलं. आत कापसाचं मऊ अस्तर आणि फुटलेली अंडी. शिंपी पक्ष्याचं घरटं होतं ते. दुसऱ्या दिवशी उत्तम क्षमा. क्षमा कोणाकडे मागायची, या विचारानं प्रवचनात लक्ष लागेना.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. चातुर्मासात कुंपणाला कात्री लावू नये. शिंपी ऐन पावसाळ्यात घरटी करतो आणि झाडालाही तेव्हाच सगळ्यात जास्त पालवी फुटते.

एक मैत्रीण म्हणाली, "अगं, कात्री माळ्याची, दोष तुला कसा?" पण कृत, कारित आणि अनुमोदन हे तिन्ही आपण लहानपणापासून ऐकतो. मजुरी मी दिली आणि "छान झालं" असंही मीच म्हटलं.

मुलगा म्हणाला, "मग भिंतच घालू." पण त्यासाठी पाया खोदायचा, उभी झाडं उपटायची, त्यात हिंसा कमी कशी? गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनीही मानलंय. टाळायची ती विनाकारण होणारी. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्कारण वनस्पती तोडणं अनर्थदंडात धरलं आहे. पाहुण्यांना कुंपण सरळ रेषेत दिसावं, हे मला कारण वाटत नाही.

मग कुंपण राखायचं कसं? मी बी.कॉम. झालेली, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्वी माळी दर महिन्याला यायचा, वर्षाच्या बारा मजुऱ्या. आता दोनच, एक ज्येष्ठात आणि एक दिवाळी झाल्यावर. ज्येष्ठातही आधी फांद्या बाजूला करून आत बघायचं. घरटं असेल तेवढा भाग सोडायचा. छाटताना बुंध्याकडे रुंद आणि वर निमुळतं ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं आणि कुंपण खालून उघडं पडत नाही. पाला जाळायचा नाही, बुंध्याशीच पसरायचा. उन्हाळ्यात ओल टिकते, पाणी कमी लागतं. पावसात एखादी फांदी फाटकात आडवी आलीच, तर नीट बघून तेवढीच काढायची.

भाद्रपदात आमचं कुंपण विस्कटलेलं दिसतं, हे खरं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारतात, "काकू, माळी मिळेना का?" मी म्हणते, "माळी आहे, पण आत बिऱ्हाड आहे."

यंदा पर्वाच्या आधी माळ्याला फोन करण्यापूर्वी आपल्या दारातल्या कुंपणात एकदा वाकून बघा. यत्नाचार म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?