सक्तीच्या उपचारांची मर्यादा

१९१२ च्या कायद्याने मनोरुग्णाला ‘वेडा’ ठरवून कोंडले. १९८७ च्या कायद्याने भाषा सौम्य केली. किल्ली मात्र बरीचशी दंडाधिकाऱ्याकडेच राहिली. आपणावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे विवेक शाबूत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने दिला. सक्तीने दाखल करावेच लागले, तर मुदत ३० दिवसांची. ती वाढविण्यास पुनर्विलोकन मंडळाची मान्यता हवी.

आत्मघातास निघालेल्याची संमती मागत बसावे काय, हा कुटुंबीयांचा सवाल रास्तच आहे. परंतु सक्ती जीव वाचविण्यापुरती असावी, आप्तांच्या सोयीसाठी नव्हे. २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडीच्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेकांना आप्तांनीच तेथे पोहोचविले होते. म्हणूनच मंडळाच्या सदस्यांनी केवळ कागद न तपासता बंद खोलीतील रुग्णाशी स्वतः बोलले पाहिजे.